आपत्तीची तरतूद : घरातील थैली आणि गाडीतील पेटी

प्रत्येक जाणता व्यापारी आपल्या वार्षिक हिशेबात बुडीत उधारीची तरतूद करून ठेवतो. नेमका कोणता ग्राहक पैसे बुडविणार, हे त्याला ठाऊक नसते. परंतु काही खाती बुडणार, हे पिढीजात अनुभवाने ठाऊक असते. बँकेतही हाच नियम आहे. कर्ज बुडाल्यावर तरतूद करावयाची म्हटली, तर ती तरतूद न राहता निव्वळ तोटा ठरतो. पेढीच्या बाबतीत इतकी दूरदृष्टी दाखविणारी आपली घरे स्वतःच्या कुटुंबाच्या बाबतीत मात्र बहुधा निर्धास्त असतात. पूर, भूकंप किंवा दरड यांपैकी काही कोसळले, तर पहिल्या दहा मिनिटांत घरातून काय उचलावयाचे, हा प्रश्न कोणत्याही सुखवस्तू घरात विचारून पाहावा. चार माणसे चार उत्तरे देतील आणि तोवर ती दहा मिनिटे संपलेली असतील.

महाराष्ट्राची खतावणी

आपत्ती दूरच्या प्रदेशात येते, असे मानण्यास आपल्या राज्याचा इतिहास वाव देत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील दुकाने व बिऱ्हाडे काही तासांत पाण्याखाली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला आणि दगडमातीच्या घरांत झोपलेली हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर पोहोचली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच आठवड्यात कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तेथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूणची बाजारपेठ गिळली आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली.

या नोंदी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. सांगलीत पाणी दिवसेंदिवस चढत गेले. चिपळुणात ते रात्रीतून आले. किल्लारीत तर सूचना मिळालीच नाही. म्हणजे कधी आपल्या हाती दोन दिवस असतात, कधी दोन तास, तर कधी दोन मिनिटेही नसतात. आपली तयारी या तिन्ही प्रसंगांना पुरेल अशी हवी.

आपत्ती व्यवस्थापनातील सर्वमान्य सूत्र असे, की पहिले ७२ तास कुटुंबाने स्वतःच्या बळावर काढता आले पाहिजेत. शासनाची पथके आणि सामाजिक संस्था येतातच. परंतु रस्ते तुटलेले असतात, नावा थोड्या असतात आणि वृद्ध, आजारी व अडकलेली माणसे यांना प्रथम हात द्यावा लागतो. जे कुटुंब तीन दिवस स्वतःला सांभाळते, ते दुसऱ्या कोणासाठी तरी एक नाव मोकळी ठेवते.

पाणी आणि अन्न

पुरात चहूकडे पाणी असते आणि पिण्यास घोटभरही नसते. पिणे व किमान स्वच्छता मिळून माणशी दररोज ४ लिटर पाणी धरावे. पाच जणांच्या कुटुंबास तीन दिवसांसाठी ६० लिटर लागतात. म्हणजे २० लिटरचे तीन जार. ते वरच्या मजल्यावर ठेवावेत आणि पाणी ठरावीक मुदतीने बदलावे. घर सोडावयाचे झाल्यास जार नेता येणार नाहीत, म्हणून थैलीत माणशी दोन लिटरच्या बाटल्या वेगळ्या असाव्यात.

आपल्या घरांत पाणी गाळून पिण्याची रीत आहे. ते कापड थैलीत अवश्य असावे. परंतु पुराच्या दिवसांत केवळ गाळलेले पाणी सुरक्षित नसते. गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू देऊन मगच ते प्यावे. चूल किंवा गॅस नसेल, तेव्हासाठी क्लोरीनच्या गोळ्यांचे पाकीट जवळ असावे. पाकिटावर लिहिलेले प्रमाण आणि थांबण्याची वेळ या दोन्ही गोष्टी कसोशीने पाळाव्यात.

अन्न असे निवडावे, की ज्याला शिजविणे, भिजविणे किंवा शीतपेटी यांपैकी कशाचीच गरज नाही. खाखरे, फुटाणे, चुरमुरे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खारीक, मनुका आणि गूळ हे पदार्थ आपल्या कोठीघरात असतातच. मदत छावणीतील स्वयंपाक शेकडो माणसांसाठी एकत्र होतो. त्यात कांदा-लसूण आहे का, जेवण सूर्यास्तापूर्वी मिळेल का, हे प्रश्न तेथे राबणाऱ्या स्वयंसेवकांना विचारणे अवघड आणि काहीसे अन्यायाचेही असते. आपला नेम आपल्याला पाळावयाचा असेल, तर त्याची शिदोरी आपणच बांधून न्यावी. घरात तान्हे मूल असेल, तर त्याच्या दुधाची भुकटी, वाटी-चमचा व लंगोट यांना थैलीत पहिले स्थान द्यावे.

औषधे

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, थायरॉइड यांपैकी एखादे औषध आज बहुतेक घरांत रोज घेतले जाते. पूर ओसरल्यानंतरही औषधाची दुकाने चिखलातून वर येण्यास बरेच दिवस लागतात. म्हणून तीन दिवसांऐवजी निदान पंधरा दिवसांची औषधे बाजूला असावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत त्यांच्यासोबत ठेवावी. औषधे पडून राहिली तर मुदत संपते. यावर उपाय तोच, जो आपण दुकानात करतो. जुना माल आधी काढावा, नवा मागे लावावा. नवी पट्टी आणली की ती थैलीत ठेवावी आणि थैलीतली रोजच्या डब्यात घ्यावी. इन्सुलिन वापरणाऱ्यांनी ते शीतपेटीबाहेर किती दिवस टिकते, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यावे.

याशिवाय जखम बांधण्याचे साहित्य, जंतुनाशक, तापाची गोळी, चिमटा, कात्री व जलसंजीवनीची पाकिटे असावीत. पाकिटे संपली, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्रावण करता येते. चमचा चहाचा घ्यावा. पुराच्या पाण्यातून अनवाणी चालणे टाळावे. पायाच्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात जातात. पाण्यातून चालावेच लागले आणि नंतर ताप आला, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

उजेड आणि निरोप

एक चांगली विजेरी, तिचे जादा सेल, भरलेली पॉवर बँक, सेलवर चालणारा छोटा रेडिओ आणि एक शिट्टी एवढ्या वस्तू पुरेत. ढिगाऱ्याखाली किंवा अंधारात हाका मारून घसा बसतो. शिट्टी मात्र क्षीण झालेल्या माणसालाही वाजविता येते. भूकंपानंतर काडी ओढू नये, कारण गॅस गळत असण्याची शक्यता असते.

दूरध्वनी क्रमांक हल्ली कोणाच्याच स्मरणात नसतात. दहा महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहून तो कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करावा. आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक त्यात सर्वांत वर असावेत. परगावच्या एखाद्या नातलगाचा क्रमांकही ठरवून ठेवावा. कुटुंबातील माणसांची ताटातूट झाली, तर प्रत्येकाने त्या एकाच घरी निरोप द्यावा. गावातील फोन लागत नसताना बाहेरगावचा फोन पुष्कळदा लागतो.

कागदपत्रे आणि पैसा

माझी सारी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो. महापूर ओसरल्यानंतर शाखा उघडते, तेव्हा पहिल्या आठवड्यात येणाऱ्या ग्राहकांचे चेहरे विसरता येत नाहीत. एक घाऊक व्यापारी ओल्या नोटांचा लगदा टॉवेलात गुंडाळून आले होते. नोटांपेक्षा त्यांना काळजी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. विम्याचा दावा करावयाचा होता. परंतु पॉलिसी, मालाची नोंदवही आणि खरेदीची बिले हे सर्व दुकानाच्या एकाच कपाटात होते आणि ते कपाट चार दिवस पाण्यात होते. माल गेल्याचे दुःख त्यांनी पचविले होते. तो माल आपल्याकडे होता, हे आता सिद्ध कसे करावयाचे, या प्रश्नाने ते खचले होते.

म्हणून कागदपत्रांची जलरोधक पिशवी हा थैलीचा गाभा समजावा. तिच्यात आधार व पॅन यांच्या प्रती, शिधापत्रिका, बँक पासबुकाचे पहिले पान, विमा पॉलिसींचे क्रमांक, मालमत्तेच्या कागदांच्या प्रती, वाहनाची कागदपत्रे आणि प्रत्येकाचे एक छायाचित्र असावे. मूळ खरेदीखत व मृत्युपत्र ही सुरक्षित व उंच जागी वेगळी ठेवावीत. सर्व कागदांची छायाचित्रे परगावी राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडेही असावीत. शासनाच्या डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याने दिलेली कागदपत्रे कायद्याने मूळ प्रतींच्या बरोबरीची मानली जातात. ती सोय घरातील तरुणांकडून करून घ्यावी.

वीज गेली की एटीएम बंद पडते आणि मनोरा कोसळला की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. थैलीत काही रोख रक्कम असावी आणि ती दहा, वीस, पन्नास व शंभरच्या नोटांत असावी. पाचशेची नोट घेऊन नावाड्याकडे किंवा दूधवाल्याकडे गेल्यास सुटे कोण देणार?

नोटा भिजल्याच, तर त्यांना इस्त्री करू नये किंवा कडक उन्हात टाकू नये. सावलीत सुट्या पसरून वाळवाव्यात. फाटलेल्या नोटा कोणत्याही बँकेत बदलून मिळतात. ५० रुपये व त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर अर्धी किंमत आणि त्याहून कमी असेल तर काहीच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सुट्या होऊ न शकणाऱ्या, परस्परांना चिकटलेल्या नोटांचा लगदा साध्या काउंटरवर घेतला जात नाही. तो रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात द्यावा लागतो. अशा वेळी नोटा ओढून सुट्या करण्याच्या नादात त्यांचे तुकडे करू नयेत.

लॉकरविषयी एक मोठा गैरसमज आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याचा अपहार यांमुळे लॉकरमधील वस्तूंचे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. पूर, भूकंप, वीज पडणे यांसारख्या नैसर्गिक आपत्तींत झालेल्या नुकसानीस मात्र बँक जबाबदार नसते. दागिन्यांना पाण्याने फारसे होत नाही; कागदांचे होते. लॉकरमधील प्रत्येक कागद जाड प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवावा. लॉकर तळघरात असेल तर वरच्या रांगेतील मिळतो का, हे व्यवस्थापकांना विचारण्यात संकोच करू नये.

दुकानाची थैली

ज्यांचे घर आणि पेढी एकाच पेठेत आहे, त्यांच्यावर एकच पूर दोनदा कोसळतो. दर महिन्याच्या अखेरीस शिल्लक मालाची यादी करून तिची एक प्रत गावाबाहेर पाठवावी आणि गोदामाची चार छायाचित्रे तिच्यासोबत ठेवावीत. संगणकातील हिशेबाची प्रत त्याच संगणकाशेजारी ठेवणे व्यर्थ आहे; दोन्ही एकाच पाण्यात बुडतात.

विम्याची रक्कम दरवर्षी तपासावी. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा आणि ५ कोटी रुपयांपर्यंतच्या व्यवसायांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या प्रमाणित पॉलिसी आल्या आहेत. त्यांत पूर व भूकंप या दोन्हींचा समावेश आहे. जुन्या धर्तीच्या पॉलिसीत भूकंपाचे संरक्षण बहुधा वेगळे घ्यावे लागते. बँकेने कर्जापोटी विमा उतरविला आहे, या भरवशावरही राहू नये. त्यात कोणते गोदाम आणि किती रकमेचा माल नोंदला आहे, हे स्वतः वाचून पाहावे. चाळीस लाखांच्या मालाचा वीस लाखांचा विमा असेल, तर दहा लाखांच्या नुकसानीपोटी दहा लाख मिळतीलच असे नाही. प्रमाणाच्या अटीनुसार ते पाच लाखांवर येऊ शकतात. नुकसान झाल्यास विमा कंपनीस विनाविलंब कळवावे, भिंतीवरील पाण्याच्या रेषेसह छायाचित्रे घ्यावीत, पंचनामा करून घ्यावा आणि सर्वेक्षक येण्यापूर्वी भिजलेला माल फेकून देऊ नये.

गाडीतील पेटी

व्यापाऱ्याचा निम्मा दिवस रस्त्यावर जातो, म्हणून घराइतकीच गाडीचीही तयारी हवी. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत काही माणसे बंद मोटारींतच गुदमरून मृत्युमुखी पडली. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बंगळूरू महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद होता आणि वाहनांच्या लांबच लांब रांगा तेथे अडकून पडल्या होत्या.

गाडीत काच फोडण्याची छोटी हातोडी आणि पट्टा कापण्याचे पाते असावे. ही वस्तू चालकाच्या हाताशी हवी. मागच्या डिकीत ठेवल्यास तिचा उपयोग नाही. पाणी चढू लागताच प्रथम पट्टा सोडावा, खिडकीची काच खाली करावी आणि बाहेर पडावे. वीज बंद पडून काच अडकली, तर बाजूच्या खिडकीच्या कोपऱ्यावर घाव घालावा. समोरची काच दोन थरांची असते, ती सहजी फुटत नाही.

डिकीतील पेटीत विजेरी, दोरखंड, बॅटरी जोडण्याच्या तारा, परावर्तक त्रिकोण, प्रथमोपचाराचे साहित्य, एक चादर, रेनकोट, जुने बूट, मोबाइल भारित करण्याची तार, सुटे पैसे आणि कोरडा खाऊ असावा. स्टेपनीत हवा आहे ना, हे दर महिन्याला पाहावे. पाण्याच्या बाटल्या आठवड्याने बदलाव्यात. उन्हात तापणाऱ्या गाडीत लायटर किंवा फवाऱ्याचे डबे ठेवू नयेत. पावसाळ्यात टाकीतील इंधन अर्ध्याखाली जाऊ देऊ नये.

रस्त्यावर पाणी वाहत असेल, तर गाडी पुढे घालू नये. सुमारे एक फूट वाहते पाणी लहान गाडीला तरंगवू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक वाहनांना वाहून नेते. पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा किल्ली फिरवू नये. इंजिनात पाणी खेचले जाऊन ते निकामी होते आणि अशा नुकसानीस साध्या पॉलिसीत भरपाई नाकारली जाऊ शकते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जादा कलम घ्यावे लागते.

थैली कोठे, कोणाकडे

थैली माळ्यावर ठेवली तर भूकंपात हाती येत नाही आणि जमिनीवर ठेवली तर पुरात भिजते. मुख्य दाराजवळ छातीइतक्या उंचीच्या खुंटीवर ती टांगावी. प्रत्येकाच्या पलंगाजवळ विजेरी आणि पायताण असावे, कारण रात्रीच्या भूकंपानंतर पहिली जखम फुटलेल्या काचांनी पायालाच होते. थैली कोण उचलणार, आजींना कोण सांभाळणार, गॅस आणि विजेचे मुख्य बटण कोण बंद करणार, ही कामे नावानिशी वाटून द्यावीत. दुकानातील मुनीम आणि घरकामाच्या ताई हेही आपल्यावर विसंबून असतात. त्यांच्यासाठीही एक थैली बांधून द्यावी.

सर्वांत अवघड निर्णय घर सोडण्याच्या वेळेचा असतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. पाणी दारात आल्यावर नावेची वाट पाहण्यापेक्षा पाणी दूर असताना पायी निघणे केव्हाही सुरक्षित. सांगलीत आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट आहे. आपल्या नदीचा असा आकडा प्रत्येकाने माहीत करून घ्यावा आणि वृद्ध, गर्भवती व लहान मुले यांना त्या आकड्यालाच हलवावे. कपाटातील जिन्नस आवरण्यासाठी पंधरा मिनिटे आणखी थांबू, हा मोह तेव्हा टाळता येतो, जेव्हा महत्त्वाचे सर्व काही आधीच थैलीत असते.

या थैलीची तपासणी वर्षातून दोनदा व्हावी. अक्षय्य तृतीयेला पावसाळा महिन्या-दीड महिन्यावर आलेला असतो, तर दिवाळीत वहीपूजनाच्या निमित्ताने सारे कुटुंब एकत्र जमते. या दोन दिवशी घरातील मुलांच्या हाती यादी द्यावी; त्यांनी एकेक जिन्नस बाहेर काढून मोजावा, मुदत संपलेला बदलावा आणि यादीवर तारीख घालावी. मुलांना मोजणीचे काम आवडते आणि जे त्यांनी स्वतः मोजले, ते अंधारातही त्यांना सापडते. पुढील अक्षय्य तृतीयेची वाट मात्र पाहू नये. पहिली थैली या रविवारीच भरावी आणि यादीवर पहिली तारीख त्याच दिवसाची घालावी.